‘मिस्त्रीछाप’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. डिव्हाइसनेट म्हणजे कारखान्यातली उपकरणं कंट्रोलरशी जोडणारं केबलचं नेटवर्क. मुख्य केबल ती ट्रंक, तिच्यावर जोडलेलं प्रत्येक उपकरण म्हणजे नोड, आणि सगळ्या नोडशी बोलून बिघाडाचा आकडा दाखवतो तो स्कॅनर. या नेटवर्कच्या बिघाडांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “मल्टिमीटर घेऊन ट्रंकवर फिरणं म्हणजे मिस्त्रीछाप निदान. गेलेला नोड स्कॅनर स्वतःच दाखवतो. साठ ओहम आले म्हणजे नेटवर्क ठीक, असं नसतं. आणि १२५ केबीपीएसला जाड ट्रंक २५० नव्हे, ५०० मीटर चालते.”

शेवटचं मान्य. २५० मीटर ही मर्यादा २५० केबीपीएस या डेटाच्या वेगाची, माझ्याकडून ओळ चुकली. दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘मिस्त्रीछाप’. कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीच्या मेंटेनन्सला लागलो तेव्हा मला मीटर धरायला शिकवलं ते उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडून हात बसलेल्या एका मिस्त्रींनीच. एकोणीस वर्षं त्या शिकवणीवर माझं घर चाललंय. हा शब्द शिवीसारखा वापरलेला मला चालत नाही. तुम्ही किती रात्री पॅनेलसमोर काढल्यात मला ठाऊक नाही, पण बोलण्यावरून फार नसाव्यात.

स्कॅनर सांगतो, कबूल. पण काय सांगतो? ७२ म्हणजे नोड बोलायचा थांबला. ७८ म्हणजे यादीत आहे, पण नेटवर्कवर सापडत नाही. का, ते कुठं सांगतो?

एका फाउंड्रीत सँड प्लांटचा ३१ नंबरचा नोड आठवड्यातून दोन-तीनदा पडायचा. स्कॅनरवर ७२, मग ७८, मग आपोआप परत यायचा. आकड्यावर भरवसा ठेवून तिथल्या लोकांनी तीनदा त्या नोडचा इनपुट-आउटपुट ब्लॉक बदलला. तीनही ब्लॉक चांगले होते. रात्री दोनला मला फोन आला. फर्नेसमध्ये वितळलेला धातू होल्डवर, मोल्डिंग लाइन बंद, सुपरवायझर घामाघूम. मी आधी नेटवर्कचा २४ व्होल्टचा सप्लाय बंद करायला लावला, कारण तो चालू असताना ओहम मोजण्यात काही अर्थ नाही. पांढऱ्या आणि निळ्या, म्हणजे सिग्नलच्या, तारांना मीटर लावला. चाळीस! ट्रंकच्या दोन्ही टोकांना १२१ ओहमचा एकेक रेझिस्टर (टर्मिनेटर), म्हणजे समांतर साठच्या आसपास यायला पाहिजे. चाळीस आले म्हणजे कुठंतरी तिसरा बसलाय. मागं लाइन वाढवली होती, तेव्हा जुन्या टोकाचा टर्मिनेटर कुणी काढलाच नव्हता. काळ्या वाळूनं माखलेल्या त्या जंक्शन बॉक्सचं झाकण उघडलं, तर बारका रेझिस्टर स्क्रूखाली तसाच आवळलेला. काढला. मीटरवर साठ आले. पुढं चार वर्षं मी तिथं जात होतो, ३१ चा ७२ परत दिसला नाही.

हे निदान पाच मिनिटांचं होतं. त्याआधी तीन ब्लॉकचे पैसे वाया गेले होते आणि ते घालवले स्कॅनरचा आकडा वाचूनच.

साठ आले की सगळं ठीक, असं मी लिहिलेलंच नाही. केबलवरची धातूची जाळी, म्हणजे शिल्ड, दोन ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असणं, ट्रंकपासून नोडपर्यंतचा सहा मीटरपेक्षा लांब फाटा (ड्रॉप), ढिला स्क्रू, हे सगळं त्यानंतर येतं. तो वेगळा विषय आहे, त्यात मी आत्ता शिरत नाही.

५०० मीटरसारखी चूक पुढंही दाखवा, मी दुरुस्त करीन. मिस्त्र्यांना मात्र मधे आणू नका.