शांततेसाठी सापुताऱ्यालाच जायला हवे का?

“शहरात शांतता शोधू नये, ती हवी असेल तर वर्षातून आठ दिवस सापुताऱ्याला किंवा अबूला जावे, एरवी कान गोंगाटाला सरावतात” हा विचार सध्या बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींत हातोहात फिरतो आहे. तो मला मान्य नाही.

कान सरावण्याचा मुद्दा सर्वांत घातक, म्हणून तो आधी घेते. सरावते ते आपले लक्ष, शरीर नव्हे. जाग आली नाही तरी रात्रीच्या हॉर्नने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, हे झोपेच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे.

आठ दिवस सलग हवेत, हेही खरे नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती चांगली आहे असे सांगणारे अधिक आढळले. ती मिनिटे एका फेरीतली की थोडी थोडी करून जमवलेली, याने फरक पडला नाही. अशा पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे कबूल. पण गुडघ्यांमुळे डोंगर चढू न शकणारी माझी आई रोज सकाळी वीस मिनिटे कमाटीबागेत वडाखाली बसते, पोपटांचा कलकलाट ऐकते, आणि त्या दिवशी तिचा आवाजही खालच्या पट्टीत असतो, हे मी घरात पाहते.

आणि जागा? सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेली ही बाग ११३ एकरांची आहे, तिच्यातून विश्वामित्री वाहते, आणि हिवाळ्यात ऊन वर आले की याच शहराच्या मधोमध नदीकाठच्या चिखलात मगर जबडा उघडा टाकून निश्चल पडलेली दिसते.

एका बाबतीत मात्र हे म्हणणारे बरोबर आहेत: रस्त्याकडेची झाडांची एकेरी रांग आवाज फारसा अडवत नाही. आवाज घटतो तो मुख्यतः अंतराने. म्हणूनच मोठ्या बागेच्या कडेचा तुकडा वाहनतळासाठी मागितला जातो तेव्हा “कडेचाच तर आहे” हे उत्तर पुरेसे नसते, कारण त्या कडेमुळेच वडाखालचा पार रस्त्यापासून दूर राहिलेला असतो.