प्रश्नपत्रिका कीबोर्ड काढतो

वर्गसमीकरणाचं सूत्र कागदावर लिहायला एक श्वास पुरतो. वजा बी, अधिक-उणे, मग करणीचं चिन्ह काढून त्याची शेपटी लांब ओढायची, तिच्याखाली बी वर्ग वजा चार एसी, सगळ्याखाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन ए. हाताला वर, खाली, मधे, कुठेही जायची मुभा असते. कीबोर्डला एकच रस्ता ठाऊक, डावीकडून उजवीकडे. ‘सर, या वेळी पेपर टाइप करूनच द्या’ असं म्हणणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. भाषेच्या बाई निबंधाचे विषय टाइप करून घरी जातात, तेव्हा मी पहिल्या अपूर्णांकाच्या छेदात असतो.

सुरुवात सोपी वाटते, हीच खरी गोम आहे. मेनूतून अपूर्णांक निवडला की एकावर एक दोन ठिपक्याठिपक्यांचे चौकोन येतात. वरच्या चौकोनात क्ष लिहितो, त्याच्या डोक्यावर छोटा चौकोन मागवतो, त्यात २ टाकतो. पुढे ‘अधिक १’ टाइप करतो आणि तेही २ च्या शेजारी वरच जाऊन बसतं. क्ष वर्ग अधिक एक हवं होतं, क्षचा घात तीन झाला. कर्सर घातांकात अडकलाय. जिना काढून घेतल्यावर माळ्यावर राहिलेल्या माणसासारखा तो तिथे लुकलुकत असतो. उजवा बाण एकदा दाबला तर खाली येईलच असं नाही. जास्त दाबला तर अपूर्णांकाच्याच बाहेर. हल्ली मी कर्सरची उंची बघून आपला मुक्काम ओळखतो. बुटका असेल तर घातांकात, मध्यम असेल तर अंशात किंवा छेदात, ताडमाड असेल तर अपूर्णांकाबाहेर मोकळ्या हवेत. करणीच्या आतल्या छेदातल्या घातांकात तो इतका बारीक होतो की मी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावतो.

तरीही लिहिणं परवडलं, दुरुस्ती नको. समजा, पूर्ण अंश आता वर्गमुळात घालायचाय. कागदावर चिन्ह काढून शेपटी ओढली की काम झालं. इथे अंश माऊसने निवडायचा. माऊस केसभर खाली घसरला आणि रेघेला लागला की अंशासकट छेद, छेदासकट समीकरण, सगळं निळं होतं. एकदाचा अंश कापला, वर्गमूळ आणलं, आत चिकटवला, तर घातांक जमिनीवर उतरलेले: क्ष वर्गाचा क्ष दोन झालेला. गोल कंसाच्या जागी चौकटी कंस हवा म्हणून डावा कंस पुसावा, तर उजवाही त्याच्याबरोबर सती जातो, आणि कधीकधी आतला ऐवजही घेऊन जातो. कंट्रोल-झेड ज्याने शोधून काढलं त्याचा फोटो मी स्टाफरूममध्ये लावायला तयार आहे.

आमच्यातल्या तरुण सरांचा यावर एकच उपाय असतो. “सर, तुम्ही लाटेक का नाही वापरत?” म्हणजे चौकोन-बिकोन नाहीत, सगळं आज्ञा देऊन लिहायचं. बॅकस्लॅश, फ्रॅक, महिरपी कंस उघडा, अंश, कंस मिटा, पुन्हा उघडा, छेद, पुन्हा मिटा. छापून आलेलं मात्र देखणं असतं, यात वाद नाही. याच्या मुळाशी असलेला ‘टेक’ हा प्रोग्राम संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये लिहायला घेतला, कारण त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांना बघवेनात. काम थोडक्यात उरकेल असा त्यांचा अंदाज होता. लागली दहाएक वर्षं. पेपर द्यायला उशीर झाला की मी ही हकिगत ऐकवतो. ‘टेक’च्या आवृत्तीचा क्रमांक दर वेळी पायच्या किमतीकडे एकेक अंक सरकतो; सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे. आपल्या मागे हा क्रमांक थेट पाय करावा आणि उरलेल्या चुकांना प्रोग्रामची वैशिष्ट्यं मानावं, असंही कनूथ यांनी सांगून ठेवलंय. ही सवलत प्रश्नपत्रिकांना लागू करावी, एवढीच माझी मागणी आहे.

कारण लाटेकमध्ये एक महिरपी कंस विसरला की यंत्र भलत्याच ओळीकडे बोट दाखवतं. गणित कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे तिथे डॉलरच्या चिन्हाने सांगायचं असतं, आणि ते राहिलं तर यंत्र कळवतं: ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’. स्वतःहून डॉलर घालणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. शिवाय साइनच्या आधी बॅकस्लॅश नसेल तर ती तीन तिरकी अक्षरं होतात, एकमेकांना गुणलेली. एका मुलीने भर परीक्षेत हात वर केला, “सर, एस, आय आणि एन यांच्या किमती दिलेल्या नाहीत.” तिला पूर्ण गुण द्यायला हवे होते.

यापेक्षा समीकरण तोंडी सांगून टाकावं, हाही विचार जुनाच. ब्रायन कर्निहन आणि लोरिंडा चेरी यांनी सत्तरच्या दशकात बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत समीकरणं छापायचं ‘ईक्यूएन’ केलं ते याच धर्तीवर: ‘क्ष ओव्हर वाय’ असं बोलल्यासारखं टाइप करायचं, म्हणजे गणित न येणाऱ्या टायपिस्टलाही जमावं. पण फळ्यासमोर सूत्र म्हणताना आपण शेवटी हात हवेत फिरवून ‘हे सगळं भागिले दोन ए’ म्हणतो. ‘सगळं’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते हात सांगतो. यंत्राला तो हात दिसत नाही, म्हणून तर एवढे कंस.

जुने पेपर उघडून त्यातलीच समीकरणं बदलावीत, तर तिथे आणखी गंमत. मायक्रोसॉफ्ट वर्डसोबत येणारा जुना इक्वेशन एडिटर जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून काढून टाकण्यात आला. त्यातल्या भगदाडातून संगणकात घुसखोरी होऊ शकत होती. त्यात लिहिलेली सूत्रं दिसतात, पण पूर्वीसारखा त्यांना हात लावता येत नाही. करणीखालून चोर शिरू शकतो, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा यंदाचा पेपर असा झालाय. चार बाय चारच्या मॅट्रिक्सचा प्रश्न गाळला, कारण त्यातली तिसरी ओळ दुसरीच्या अंगावर चढत होती. अपूर्णांकात अपूर्णांक असलेला प्रश्न गाळला. संकलनाच्या चिन्हाची वरची मर्यादा चिन्हाला सोडून वरच्या प्रश्नात गेली, म्हणून तो प्रश्न ‘व्याख्या लिहा’ असा केला. सिद्धतेच्या पायऱ्यांतली बरोबरची चिन्हं एकाखाली एक येईनात, म्हणून सिद्धता तोंडी परीक्षेला ठेवली. उरली ती एका ओळीत मावणारी समीकरणं, बहुतेक सगळी एकघाती. मुलांमध्ये बोललं जातंय की सर या वर्षी फार मवाळ झालेत, आणि मुख्याध्यापकांनी काठिण्यपातळीबद्दल लेखी खुलासा मागितलाय. तो मी लगेच टाइप करून दिला. त्यात एकही घातांक नव्हता.