नेथरिल एकट्या कार्ससमुळे पडलं नाही

बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम आल्यापासून, म्हणजे २०२३ नंतर, आमच्याकडे डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ, खेळायला जी नवी पोरं येतात त्यांना कार्सस हे नाव आधीच माहीत असतं. त्याचा मुकुट माहीत असतो, आणि एक वाक्य पाठ असतं की एका घमेंडी जादूगाराला देव व्हायचं होतं आणि त्याच्यापायी नेथरिल हे आख्खं साम्राज्य खाली आलं. परवा माझा भाचाही तेच म्हणाला, मामा त्यात काय समजायचंय, माणूस माजला आणि पडला. मला हे ऐकून फार त्रास होतो. का होतो ते आज नीट लिहितोय, पोस्ट लांब होणारे.

ज्यांना ही गोष्टच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फरगॉटन रिल्म्स ही एड ग्रीनवूडने रचलेली दुनिया, १९८७ पासून डी अँड डीच्या पुस्तकांत आहे. तिच्यातल्या फेरून खंडाच्या उत्तरेला फार पूर्वी नेथरिल नावाचं माणसांचं साम्राज्य होतं. आधी साधे मासेमार आणि शेतकरी, मग एल्फ लोकांकडून थोडी जादू शिकले, मग त्यांना नेदर स्क्रोल्स, म्हणजे जादूचं ज्ञान लिहिलेल्या गुंडाळ्या, सापडले आणि तिथून जे सुटले ते थांबलेच नाहीत. आयोलम नावाच्या जादूगाराने मिथालार बनवला, म्हणजे जादूच्या मूळ स्रोतातून, वीव्हमधून, थेट शक्ती खेचणारा मोठा गोळा. मग डोंगराचा माथा कापायचा, उलटा करायचा, मिथालारच्या जोरावर हवेत चढवायचा आणि सपाट झालेल्या बाजूवर शहर वसवायचं. अशी शहरं अडीच हजारांहून जास्त वर्षं उडत होती! वर राहणारे ते हाय नेथरिल, खाली जमिनीवर धान्य पिकवणारे ते लो नेथरिल.

आता मिथालारमधली खरी मेख ऐका, कारण ही कोणी सांगतच नाही. त्याच्या आसपास असताना साध्या वस्तूही जादूच्या होऊन चालायच्या, बनवणाऱ्याला स्वतःची ताकद त्यात ओतावी लागायची नाही, म्हणून अशा वस्तू स्वस्त झाल्या, घरोघरी आल्या. पण मिथालारपासून लांब नेली की तीच वस्तू बंद. म्हणजे दिवा, चूल, पाणी, आणि पायाखालची जमीनसुद्धा, सगळं एकाच गोळ्यावर, आणि तो गोळा कसा चालतो हे शहरातल्या मोजक्या लोकांना ठाऊक.

इंदूरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आपण माळव्याच्या पठारावर बसलोय आणि नर्मदा खाली निमाडात. १९७८ पासून जलूदहून साधारण ७० किलोमीटर पाणी पंपांनी घाट चढवून आणतात तेव्हा आपले नळ वाहतात, आणि आपल्याला त्याची इतकी सवय झालीये की घरात पाणी आलं का असं कोणी विचारत नाही, नर्मदा आली का असं विचारतात. तिकडे पंप बंद झाले की आख्ख्या शहराच्या टाक्या एकदम रिकाम्या. नेथरिलमध्ये फरक एवढाच की तिथे शहरच त्या पंपावर टांगलेलं होतं.

आता कार्सस. तो काय सुखात बसून देव व्हायला निघाला नव्हता. जमिनीखाली फेरिम नावाचे जीव होते, जादूच खाणारे, आणि ते आपल्या मंत्रांनी नेथरिलच्या जमिनीतला जीव शोषून घेत होते, चांगली पिकती जमीन वाळवंट होत चालली होती. पुढे तिथेच अनॉरोकचं वाळवंट झालं. वरच्या जादूगारांनी यावर काय केलं? खालच्यांना वर घेतलं नाही, मिथालार कमी केले नाहीत, एकमेकांशी चढाओढही सोडली नाही. ज्याने हे सगळं सुरू केलं तो आयोलम त्याच सुमारास कोणाला न सांगता निघून गेला आणि लोक घाबरले. आणि मग सगळ्यांनी एका हुशार माणसाकडे बघितलं की आता तूच काहीतरी कर. कार्ससकडे एक मंत्र तयार होता, बाराव्या लेव्हलचा (लेव्हल जितकी वर तितका मंत्र ताकदवान), कोणत्याही देवाची शक्ती थोड्या वेळासाठी स्वतःत घ्यायचा, आणि त्याने देवता निवडली ती मिस्ट्रिल, खुद्द जादूची. डेलरेकनिंग या तिथल्या कालगणनेच्या आधी ३३९ व्या वर्षी तो मंत्र त्याने टाकला.

चूक तिथे झाली हे मान्य, आणि मोठी झाली. मिस्ट्रिलचं रोजचं काम म्हणजे वीव्ह सांभाळणं, क्षणाक्षणाला दुरुस्त करत राहणं, ते त्याच्या आवाक्यातलं नव्हतंच. जादू कुठे दुप्पट उसळायला लागली, कुठे बंद पडायला लागली. वीव्ह कायमचा फाटू नये म्हणून मिस्ट्रिलने स्वतःचा जीव दिला, त्यासरशी सगळीकडची जादू थांबली, कार्सस दगड झाला आणि शहरं सुटली. मिस्ट्रा म्हणून ती पुन्हा जन्माला आली तोपर्यंत जी तीन अजून पुरेशी वर होती, अनाउरिया, अस्राम आणि ह्लोंडाथ, तेवढी तिला सावरून खाली उतरवता आली. शेड नावाचं शहर ऐन वेळी छायालोकात निघून गेलं होतं आणि थेट त्याच कालगणनेच्या १३७२ साली परत आलं, त्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

मी आमच्या टेबलावर हा प्रसंग खेळवला तेव्हा सगळ्यांना आधी एक हिशोब सांगितला. शहर एक किलोमीटर वर आहे असं धरा, हवेचा विरोध सोडून द्या, तर खाली यायला साधारण १४ सेकंद लागतात. आता सांगा, तुमचं कॅरेक्टर या १४ सेकंदांत काय करतंय. तुम्ही आर्केनिस्ट, म्हणजे नेथरिलचे जादूगार, नाही, तुम्ही वरच्या शहरात कपडे धुणारी बाई आहात, किंवा खालच्या गावात नांगर धरलेला माणूस आहात आणि तुमच्यावर सावली पडलीये. त्यानंतर कोणी कार्ससचं नावच काढलं नाही. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून, मिस्ट्रिलने केलं ते बरोबर की नाही. एकजण म्हणाला जादू टिकली म्हणून जग टिकलं, दुसरी म्हणाली मग त्या लोकांना कोणी विचारलं का. रात्री उशिरापर्यंत बोलत होतो, डाइस तसेच पडून.

आणि एका माणसावर खापर फोडलं की हीच माणसं गोष्टीतून गायब होतात, माझं म्हणणं एवढंच आहे. ड्रॅगनलान्स या डी अँड डीच्या दुसऱ्या दुनियेत पण तेच. तिथल्या इस्तार साम्राज्याचा किंगप्रीस्ट, म्हणजे धर्मगुरू-राजा, देवांना हुकूम सोडायला निघाला, देवांनी जळता डोंगर फेकला, आणि सगळं बोलणं त्या किंगप्रीस्टच्या अहंकारावर. इस्तारमधल्या बाकीच्यांचं काय? त्याच्या उलट एबेरॉन बघा, कीथ बेकरची दुनिया, २००४ ची. तिथल्या कालगणनेच्या ९९४ साली सायर नावाचा आख्खा देश एका दिवसात राखाडी धुक्यात संपला आणि का संपला हे मुद्दामच कधी सांगितलेलं नाही, ज्याने त्याने आपल्या टेबलावर ठरवावं. खापर फोडायला कोणी नाही म्हणून तिथली गोष्ट वाचलेल्यांची झाली, शेजारच्या ब्रेलंड देशात न्यू सायर वसवून राहिलेल्या निर्वासितांची, घर नसलेल्या सैनिकांची. म्हणून मला तिन्हींत सायरच जास्त खरं वाटतं, जरी नेथरिलवर माझा जीव असला तरी.

मिस्ट्राने नंतर काय केलं तेही बघा. तिने फक्त कार्ससला शिक्षा देऊन विषय संपवला नाही, दहाव्या लेव्हलपासून वरचे मंत्र सगळ्यांसाठीच बंद केले. आज आपण खेळताना नवव्या लेव्हलवर थांबतो त्यामागे त्या दुनियेतलं कारण हे आहे. म्हणजे खुद्द देवीलाही कळलं होतं की दोष नुसता माणसात नाही, एका हातात एवढी ताकद येऊ देणाऱ्या व्यवस्थेतच आहे. पोरांना हे सांगितलं की ती नियमाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात, तोवर त्यांना ती नुसती गेमची मर्यादा वाटत असते.

दिवाळीनंतर मी नवीन कॅम्पेन, म्हणजे बरेच रविवार चालणारी एक गोष्ट, सुरू करतोय, मराठीतच, रविवारी दुपारी, इंदूरच्या लोकमान्य नगरच्या बाजूला. सुरुवात नेथरिल पडायच्या एक महिना आधी, सगळी कॅरेक्टर्स लो नेथरिलची, कोळी, शेतकरी, वरच्या शहरात धान्य पोचवणारे. जमीन वाळत चाललीये आणि वरून काही उत्तर येत नाहीये. कार्सस तुम्हाला भेटणारच नाही, फक्त त्याचं नाव कानावर येत राहील. ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा, नियम येत नसले तरी चालेल, मी शिकवीन. जागा कमी आहेत.