लॉनवरची नरसाळी आणि सिडनीचा बागुलबुवा

‘गवतावर पांढरी नरसाळी दिसली तर सावधान! ऑस्ट्रेलियाचा जीवघेणा फनेल वेब कोळी महाराष्ट्रात आलाय. चावला की पंधरा मिनिटांत मृत्यू. चाव्यावर ब्लेडने चीर द्या, वर घट्ट दोरी बांधा, लॉनवर रॉकेल नाहीतर शेतीचं कीटकनाशक मारा.’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या आईच्या फोनवर आला आणि नातवंडांचं हिरवळीवर खेळणं बंद झालं. आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

नरसाळं खरं आहे, एवढं मान्य. पण ते हिप्पासा नावाच्या लांडगा कोळ्याचं. या कुळातले बहुतेक कोळी जाळं विणत नाहीत, धावून शिकार धरतात. हिप्पासा त्यातला अपवाद. गवताच्या पात्यांना आडवी चादर ताणलेली आणि एका बाजूला खाली बुडाशी किंवा मातीच्या भेगेत उतरणारी नळी. धागे चिकट नसतात. तुडतुडा चादरीवर पडून अडखळला की कोळी नळीतून झेपावतो आणि त्याला आत ओढून नेतो. सिडनीचा फनेल वेब, म्हणजे ॲट्रॅक्स, ओलसर मातीत बीळ करतो, त्याचे सुळे सरळ खाली रुततात. हिप्पासाचे चिमट्यासारखे आडवे मिटतात. मादीच्या शेपटाकडे अंड्यांची पिशवी किंवा पाठीवर पिल्लांचा ढीग दिसला, तर तो लांडगा कोळीच. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाची जगभरच्या कोळ्यांची सूची कुणालाही उघडून बघता येते. त्यात ॲट्रॅक्सचा मुलूख एकच, ऑस्ट्रेलिया. हिप्पासाला तर १८८५ सालीच शास्त्रीय नाव मिळालंय. पाहुणा कसला!

हे कोळी ‘अचानक वाढले’ असंही लोक म्हणतात, ते दवाचं काम. पहाटे थेंब बसले की जाळी उठून दिसतात, ऊन चढलं की तीच जाळी दिसेनाशी होतात.

पंधरा मिनिटांचं म्हणाल, तर सिडनीकडे लहान मुलं फार लवकर दगावल्याच्या जुन्या नोंदी आहेत. पण १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि त्यानंतर तिथेही या कोळ्याने कुणाचा जीव घेतल्याची खात्रीशीर नोंद नाही.

खरा धोका त्या ‘उपायां’चा आहे. चीर दिल्याने विष बाहेर येत नाही. रक्तस्राव होतो, जखम चिघळते. घट्ट दोरीने रक्तपुरवठा तुटतो. कोळी चावलाच तर साबण-पाण्याने धुवा, गार फडकं ठेवा. आणि अंधारात गवतात काय चावलं ते दिसलंच नसेल, तर कोळ्यावर खापर फोडून घरी बसू नका. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. थेट रुग्णालय गाठा.

फवारणीचं तर बोलायलाच नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, आणि तेच डबे मुलं जिथे लोळतात तिथे ओतायचे? रॉकेलने गवत करपतं, माती नासते. कीटकनाशकाने कोळी मरतो आणि तो ज्यांना खात होता ते तुडतुडे, नाकतोडे पुढच्या पिढीसह मोकळे सुटतात.

जाळी डोळ्यांना खुपतच असतील तर सकाळी खराट्याचा एक हात फिरवा. कोळी नळीच्या खालच्या उघड्या तोंडातून निसटेल आणि दोन पावलांवर नवी चादर ताणेल.