वॉकीटॉकी फेका, व्हॉट्सअ‍ॅप घ्या?

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा जवळ आली की आमच्या सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "पोलिसांनी ते जुनाट वॉकीटॉकी फेकून द्यावेत, त्यावरचं बोलणं कुणीही ऐकतं. डिजिटल सेट घेतले की प्रश्न मिटला. नाहीतर सरळ व्हॉट्सअ‍ॅप वापरावं, ते कुणालाच फुटत नाही."

पहिली गोष्ट खरी आहे, उगाच नाकारू नये. साध्या अ‍ॅनालॉग सेटवरचं बोलणं उघडंच असतं. त्या फ्रिक्वेन्सीवर रिसीव्हर लावला की ऐकू येतं.

घोळ दुसऱ्या दाव्यात आहे. डिजिटल म्हणजे गुप्त नव्हे. आवाजाचे आकडे झाले एवढंच. ते आकडे पुन्हा आवाजात आणणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गुप्तता येते ती एन्क्रिप्शनने, म्हणजे बोलण्याला किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप लावल्याने, आणि त्यातही डावं-उजवं असतं. टेट्रा ही युरोपात ठरलेली रेडिओ प्रणाली कितीतरी देशांतले पोलीस वापरतात. तिच्या 'टीईए१' या कुलपाची किल्ली कागदावर 80 बिटांची. 2023 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की आत ती 32 बिटांवर येते, आणि बिट कमी तितकी किल्ली शोधणं सोपं. साध्या लॅपटॉपवर मिनिटभरात उघडते. दोन दशकांहून जास्त काळ हे जाहीर झालं नाही, कारण कुलपाची रचनाच गुपित ठेवली होती. (झाकून ठेवलं म्हणजे मजबूत, ही समजूत आपल्याकडेही कमी नाही.) म्हणून सेट घेताना 'डिजिटल आहे का' एवढं विचारून भागत नाही. एन्क्रिप्शन कुठलं, किल्ल्या कोण आणि किती दिवसांनी बदलणार, हरवलेला सेट लांबून बंद करता येतो का, हे विचारावं लागतं.

आता व्हॉट्सअ‍ॅप. वाटेतला मेसेज फुटत नाही, हे बरोबर. पण दोनशे जणांच्या ग्रुपात दोनशे फोन असतात. त्यातला एक पोराच्या हातात गेला किंवा कुणी स्क्रीनशॉट काढला, की झालं.

आणि गर्दीचं काय? भोगीच्या दुपारी सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ उभं राहून घरी फोन लावून बघा. सातही नंदीध्वज आलेले, तळ्याच्या काठापर्यंत माणूसच माणूस. फोन लागत नाही, मेसेजपुढचं घड्याळ हलत नाही. हजारो फोन एकाच टॉवरला लोंबकळलेले असतात, त्यात हवालदाराचा फोनही एकच. शेजारी त्याच्याच खांद्यावरचा सेट मात्र खरखरत बोलत असतो. बटण दाबलं की चॅनलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं. नंबर शोधा, रिंग वाजू द्या, ही भानगड नाही. टॉवर पार बंद पडला तरी जवळपासचे सेट आपसात बोलतात.

चेंगराचेंगरी होऊ लागली तर पोलिसाने काय करावं? 'टायपिंग' दिसायची वाट बघावी?