छर्रे महाग घेतले म्हणजे चाक टिकतंच असं नाही

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमसारख्या डाउनहिल ट्रॅकसाठी, म्हणजे डोंगरावरून सायकल वेगानं खाली उतरवायच्या वाटेसाठी, मी ३२ स्पोकचं ॲल्युमिनियमचं चाक आणि साधी स्टीलची बेअरिंग्ज सुचवली, हा जुनाट विचार झाला. कार्बन रिम आणि एबेक ७ (बेअरिंगच्या अचूकतेचा दर्जा) ची सिरॅमिक बेअरिंग्ज मिळत असताना, व्यावसायिक खेळाडू महागडं सामान वापरत असताना, लोकांना मागे कशाला ओढता?

आधी बेअरिंगचं बोलू, खरा वाद तिथेच आहे. एबेकचा आकडा बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय तेवढंच सांगतो. धक्का किती सोसेल, पाणी किती अडवेल, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. ती अचूकता प्रचंड वेगानं फिरणाऱ्या यंत्रात कामाला येते. आपलं २९ इंची चाक ताशी ५० किलोमीटरनं उतरताना मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतं. घरातला छताचा पंखाही जवळपास तेवढेच घेतो. त्याला सिरॅमिक छर्रे लावायला कुणी निघत नाही.

शिवाय सिरॅमिक म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुतेकदा फक्त छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, कडी स्टीलचीच. दगडावर चाक आपटलं की खळगा पडतो तो कड्यात, आणि पाणी शिरलं की गंजतंही तेच.

मग बघायचं काय? माप. १५ मिलिमीटरच्या ॲक्सलवर ६८०२ नंबरचं बेअरिंग बसतं आणि ६९०२ पण. पहिल्याचा बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर आणि रुंदी ५, दुसऱ्याचा २८ आणि ७. फरक किरकोळ दिसतो, पण दुसऱ्यातले छर्रे मोठे असतात आणि भार पेलायची ताकद जवळपास दुप्पट. बॉल बेअरिंगचं गणित असं, की भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. हब (चाकाचा मधला तुंबा, ज्यात बेअरिंग बसतं) बनवणाऱ्यानं चार ग्रॅम वाचवायला बारकं बेअरिंग घातलं असेल, तर त्यावर एबेकचा आकडा कितीही मोठा छापा.

दुसरं सील. नावापुढे २आरएस असलं की दोन्ही बाजूंना रबरी सील. त्यातही कड्याला घासून बसणारं घ्या. दुकानात बोटांवर ते जरा जड फिरतं. शेजारचं गर्रकन फिरणारं बघून भुलू नका. फोर्ट विल्यमला वरच्या माळावर दलदल, खाली ओले खडक, आणि पाऊस तर विचारूच नका. एवढं सोसून आलेल्या हबवर आपण घरी प्रेशर वॉशरचा फवारा थेट धरतो! माझ्या मते बेअरिंग्ज ट्रॅकपेक्षा या धुण्यानंच जास्त मरतात.

नवं बेअरिंग बसवण्याआधी मी ब्लेडच्या टोकानं सील आतल्या बाजूनं अलगद उचलून बघतो. कारखान्यातून साधारण एक तृतीयांशच ग्रीस भरलेलं असतं. आपला वेग कमी, म्हणून मी पाण्यात न धुपणारं ग्रीस जवळजवळ काठोकाठ भरतो. हबमध्ये दाबून बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर हातोडी पडली की धक्का छर्र्यांतून जातो आणि चाक ट्रॅकवर जायच्या आधीच खळगे पडतात. दोन बोटांनी ॲक्सल सावकाश फिरवा. अडकत अडकत फिरला तर तेच झालंय.

कार्बनशी माझं भांडण नाही. पण ॲल्युमिनियमची कड वाकली तर पान्यानं सरळ करून दिवस निभावता येतो, कार्बन तडकला की घरी. व्यावसायिकांचं म्हणाल, तर २०१४ साली ऑस्ट्रियात लेओगांगच्या शर्यतीत अमेरिकन डाउनहिल खेळाडू आरोन ग्विन टायर फुटल्यावर नुसत्या रिमवर शेवटपर्यंत उतरला. अशा खेळाडूंच्या संघाकडे दुसरं चाक तयार असतं. तुमच्या-माझ्या गॅरेजात?

कार्बन हलका, हा वजनाचा मुद्दा मला डाउनहिलमध्ये फारसा पटत नाही. स्पोकच्या बाबतीत मात्र बारीक घेणं पटतं : टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ असे घ्या, पितळी निपल (स्पोक रिमला कसायचे छोटे नट) लावा. मधला बारीक भाग ताणला जातो, म्हणून स्पोक मुडपलेल्या टोकाशी सहसा तुटत नाही. नव्या चाकाचा आउट (डावी-उजवीकडे डगमगणं) पहिल्या एक-दोन राइडनंतर काढून घ्याच.

तुमच्या हबमधल्या बेअरिंगचा नंबर सीलवरच छापलेला असेल. तो कळवा, म्हणजे नेमकं बोलता येईल.