आयझेनहॉवर यांचा झटका ‘सौम्य’ नव्हता

एका लेखात अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये ‘हृदयविकाराचा सौम्य झटका’ आला असं म्हटलंय. ते दुरुस्त करायला हवं. २३ सप्टेंबरला डेन्व्हरमध्ये त्यांनी २७ होल गोल्फ खेळला, दुपारी कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला आणि रात्री दोनच्या सुमारास छातीत दुखू लागलं. त्यांचे खासगी डॉक्टर स्नायडर यांनी वेदनाशामक मॉर्फिन दिलं. बाहेर मात्र पोट बिघडल्याचंच सांगितलं गेलं. ईसीजी निघाला थेट दुसऱ्या दिवशी दुपारी! हृदयाच्या पुढच्या भिंतीचा स्नायू रक्ताअभावी मेला होता, हा काही किरकोळ प्रकार नव्हे. अपचन आणि हृदयविकार यांची गल्लत आजही जीव घेते, म्हणून हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, नंतर वॉर्फरिन. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी तर पत्रकारांना राष्ट्राध्यक्षांना शौचाला झाल्याचंसुद्धा सांगितलं. अनेकांना ते खटकलं, पण आधीच्या लपवाछपवीपेक्षा हे केव्हाही बरं.

लष्करात असताना ते दिवसाला चारेक पाकिटं सिगारेट ओढत. १९४९ मध्ये ती सोडली, तरी धमन्यांचं नुकसान झालेलंच असणार. जून १९५६ मध्ये क्रोन्स आजारामुळे (आतड्याला येणारी दीर्घकालीन सूज) आतड्याची शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये पक्षाघाताने बोलताना शब्द सापडेनासे झाले. १९५६ ची निवडणूक त्यांनी या आजारपणांच्या मध्ये लढवून जिंकली. लेखात हेही यायला हवं होतं.